धनुष्कोडी : एका बंद स्टेशनची कहाणी

वर्गात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या बालपणाची हकिकत सांगताना आम्ही एक प्रसंग हमखास सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते गोळा करायला चुलतभाऊ शमसुद्दीन यांना मदत करून छोट्या कलाम यांनी आयुष्यातली पहिली कमाई केली. एकदा एका मुलाने विचारले, "सर, वो गाडी जाती कहाँ थी?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका तासात संपले नाही.

ती गाडी धनुष्कोडीला जात असे. रामेश्वरम बेटाचे हे टोक वाळूच्या चिंचोळ्या पट्टीसारखे समुद्रात घुसले आहे. पुढे श्रीलंकेपर्यंत उथळ वाळूची रांग आहे. कुणी तिला रामसेतू म्हणतो, कुणी आदमचा पूल. हजरत आदम (अलै.) सरनदीपला उतरले, ही रिवायत आपल्याकडेही आहेच.

१९१४ साली पांबनचा दोन किलोमीटरहून लांब पूल खुला झाला आणि रेल्वे धनुष्कोडीपर्यंत पोहोचली. मद्रासहून निघालेली 'बोट मेल' येथे प्रवाशांना उतरवी. पुढे आगबोटीने सुमारे ३५ किलोमीटरचा समुद्र ओलांडून तलैमन्नार आणि तेथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. मासेमारांच्या वस्तीत पोस्ट, कस्टम, चर्च, शाळा उभी राहिली.

या वाटेने कोण जात होते? सेतुस्नानासाठी येणारे यात्रेकरू होते. कलाम यांचे वडील जैनुलाबदीन स्वतःच्या होडीतून त्यांची ने-आण करीत. एका मुसलमान घराची रोजी हिंदू भाविकांच्या यात्रेवर चाले आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. व्यापारीही होते. पण सर्वांत मोठी गर्दी होती सिलोनच्या चहामळ्यांवर निघालेल्या गरीब तमिळ मजुरांची. आधी मंडपमच्या छावणीत त्यांची आरोग्य तपासणी होई, मगच त्यांना पलीकडे सोडत.

त्यांच्याच नातवंडांचे नागरिकत्व पुढे वादात सापडले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ५ लाख २५ हजार माणसे भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची. माणसांची अशी वाटणी कागदावर झाली.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या जवळ असताना प्रचंड लाट तिच्यावर कोसळली. प्रवासी आणि रेल्वे कर्मचारी मिळून शंभराहून अधिक माणसे गेली. उजाडले तेव्हा स्टेशनही उरले नव्हते, गावही उरले नव्हते. सरकारने ती जागा राहण्यास अयोग्य ठरवली.

पांबनच्या पुलाचेही बरेच गाळे वाहून गेले होते. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याने तो ४६ दिवसांत पुन्हा चालू केला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. पण गाडी रामेश्वरमपर्यंतच आली. शेवटचा तुकडा पुन्हा घातला गेला नाही. करारानुसार परत पाठवलेले मजूर नंतर तलैमन्नारहून रामेश्वरमला उतरत. १९८०च्या दशकात श्रीलंकेतील यादवीने तीही बोट बंद केली.

२०१७ साली टोकापर्यंत पक्की सडक झाली. १ मार्च २०१९ रोजी रेल्वेची कोनशिलाही बसली, पण रूळ काही आले नाहीत. पर्यटक येतात, चर्चच्या आणि स्टेशनच्या पडक्या भिंतींपुढे फोटो काढतात आणि 'भुताचे गाव' पाहिल्याचे सांगतात. त्याच वाळूवर मासेमारांची झोपडीवजा घरे आहेत, तिकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते.

आम्ही त्या मुलाला शेवटी एवढेच सांगितले : बेटा, गाडी कुठे जात होती हे नकाशात सापडेल. तिच्यात कोण बसले होते, हे विचारत राहा. स्टेशन बुडाले ते एका रात्रीत, पण त्या माणसांना विसरायला आपल्याला वादळाचीही गरज लागली नाही.