जोडी पाहणारी नजर

नागपूरच्या दक्षिण अंगाला बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी ही गावं एका पिढीआधीपर्यंत वावरांची होती. आता बेसा-पिपळा नगरपंचायत झाली आणि वावरांवर इमारती चढल्या. पण बेसा मागे टाकून वर्ध्याच्या दिशेनं निघालं, की लागणाऱ्या मुलखात बैलाची चाल ओळखणारी माणसं आजही भेटतात. पोळा होतो, सोयाबीन निघतं, कापसाचा पहिला वेचा घरात येतो आणि पारावर शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, बोलणी सुरू होतात. कोणत्या गावचा पट कधी, बक्षीस किती आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यंदा जोडी कोणाची?

हा शेवटचा प्रश्न मोठा आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी जनावराचं वय, जात, खूर, श्वास, स्वभाव आणि मागचा इतिहास ठाऊक असावा लागतो. घोड्यांच्या शर्यतींत या उत्तराभोवती छापील पत्रकं, वर्तमानपत्रांतले रकाने आणि पगारी जाणकार उभे राहिले. विदर्भातल्या पटाचा अंदाज मात्र कायम तोंडीच राहिला. त्यामागचं ज्ञान कमी प्रतीचं नव्हतं. ते कोणी लिहून ठेवलं नाही, एवढंच.

शंकरपटात दोन बैलांची जोडी, हलका छकडा आणि त्यावर जोडी हाकणारा एक धुरकरी. काही गावांत दोन जोड्या शेजारशेजारच्या धावपट्ट्यांवर एकदम सुटतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर धावते आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यावर ठरतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा कृषक सुधार मंडळाचा पट आणि भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचा पट ही यातली मोठी नावं. तळेगावात अलीकडे बायकांनीही छकड्यावर उभं राहून जोड्या हाकल्या आहेत.

पूर्व विदर्भात पट हा एकट्या बैलांचा कार्यक्रम कधीच नव्हता. दिवसा पट आणि रात्री नाटक ही झाडीपट्टीची जुनी रीत. पाहुणे पटाला येत, नाटकाला थांबत आणि त्या मुक्कामात सोयरिकीही जुळत. वडसा हे ज्या रंगभूमीचं ठाणं झालं, तिला प्रेक्षक मिळवून देण्यात पटाच्या गर्दीचा वाटा मोठा आहे. त्याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

ज्या जनावरावर हा सगळा डोलारा उभा राहिला, ते म्हणजे गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके, नागपूर जिल्ह्याचा काही भाग आणि पलीकडे मध्य प्रदेशातला छिंदवाडा, हा या जातीचा पट्टा. पांढरा रंग, लांबट निमुळता चेहरा, उंच पण सडपातळ अंग. पशुपैदाशीच्या जुन्या ग्रंथांत या जातीबद्दल एक नोंद आढळते. डोंगराळ मुलखातून लष्कराचं सामान झपाट्यानं हलवता यावं म्हणून मराठ्यांनी ही जनावरं वेगवान चालीसाठी घडवली, असं ती सांगते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा ओडिशा आणि बंगालपर्यंत धडका मारत होत्या. अशा मोहिमांत तोफखान्याइतकंच महत्त्व दाणागोटा वेळेवर पोहोचवणाऱ्या बैलांना असे. मोहिमा संपल्या तरी वेगाची हौस टिकली. वऱ्हाड-नागपुरात रेंगी नावाची हलकी गाडी प्रवासाला वापरली जाई आणि तिला जुंपलेली दुडक्या चालीची जोडी मालकाची पत सांगे. मोटार येण्याआधीच्या त्या काळात वेगवान बैल ही गरजही होती आणि मिरवण्याची गोष्टही. पट हे त्या वेगाचं जाहीर मोजमाप होतं.

जाणकार जोडीपुढे उभा राहिला की आधी तोंड उघडून दात पाहतो. बैलाचे दुधाचे दात पडून साधारण दोन-अडीच वर्षांत पहिले दोन पक्के दात येतात, पुढे चार, सहा आणि चार-पाच वर्षांचा होईस्तोवर आठ. दात जुळले म्हणजे जनावर भरात आलं. पश्चिम महाराष्ट्रात तर शर्यतींचे गटच आदत, दुसा, चौसा असे दातांवर पडतात. दातांनंतर पाय. खूर काळा आणि टणक आहे की फाकलेला, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो की त्याच्या पुढे जातो, सांध्यावर सूज आहे का. मग कातडी. पातळ, चकचकीत आणि हाताला सैल लागणारी कातडी निरोगी जनावराची. सुस्त डोळा आणि कोरडी नाकपुडी दिसली, की बैल कितीही देखणा असो, तो मनातून बाद होतो.

खरी परीक्षा एका बैलाची नसतेच. ती जोडीची असते. दोन्ही बैल सारखे वेगवान असूनही जोडी हरू शकते, कारण दोघांची टांग जुळत नाही. एकाची झेप लांब आणि दुसऱ्याची आखूड असली की जू तिरपं होतं, छकडा एका बाजूला ओढला जातो आणि सेकंदाचा तो मोलाचा तुकडा तिथेच जातो. डावीकडे चालायची सवय असलेला बैल ऐन वेळी उजवीकडे जुंपला तर तो बिचकतो. एक बैल अनुभवी आणि दुसरा नवखा असला तर जुना नव्याला सांभाळून नेतो की त्याच्यापायी मागे पडतो, हे पाहायला आदल्या दिवशीची फेरी पाहावी लागते. म्हणून पटाच्या गावी पाहुणी जोडी दाखल झाली की माणसं तिच्याभोवती जमतात. पूर्वी बैल चालत येत. किती कोसांवरून आले आणि रात्री चारा किती खाल्ला, यावरून दुसऱ्या दिवशीचा दम काढला जाई. आता टेम्पो आले. तरी गाडीतून उतरल्यावर बैल पाय झटकून उभा राहतो की आखडून, यावरची नजर तीच आहे.

जमीन हा अंदाजातला आणखी एक भाग. काळ्या मातीत दव पडलं की खूर रुततो आणि अंगानं जड जोडी मागे पडते. मुरमाड पट्टीवर तीच जोडी सरस ठरते. सकाळच्या गारव्यात धावणाऱ्या जोडीला एक न्याय आणि दुपारच्या उन्हात नंबर लागलेल्या जोडीला दुसरा. त्यात ढोलताशा आणि हजारोंची गर्दी. गावच्या शिवारात वाऱ्यासारखी पळणारी जोडी गर्दीपुढे बावरते, हे ज्याला आधी कळतं त्याचा शब्द पारावर मानला जातो. अशा माणसाच्या स्मरणात बैलांच्या तीन-तीन पिढ्या असतात. कोणाचा गोऱ्हा कोणत्या गाईचा, त्याचा बाप कोणत्या पटात पहिला आला होता, धुरकरी बदलल्यावर काय झालं, हे सगळं तो बोलता बोलता सांगून जातो.

घोड्यांच्या जगात हेच ज्ञान कागदावर उतरलं. अडथळ्यांच्या शर्यतींची सुरुवात म्हणून आयर्लंडमधली १७५२ सालची एक पैज सांगितली जाते. ओकॅलहन आणि ब्लेक या दोघांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कुंपणं, भिंती आणि ओढे ओलांडत घोडे पळवले. दूरच्या चर्चचा मनोरा हीच त्यांची खूण. इंग्लंडमध्ये एंट्रीच्या मैदानावरची ग्रँड नॅशनल १८३९ सालापासून गणली जाते. जवळपास सात किलोमीटर अंतर आणि तीस उड्या. तिथे अंदाज बांधणारा घोड्याच्या वेगाआधी त्याची उडी पाहतो. तो दमल्यावरही नीट झेपावतो का, ओल्या जमिनीवर पाय टिकवतो का, पाठीवर वजन किती आहे, हे सगळं मागच्या निकालांच्या आकड्यांत वाचता येतं. तरीही १९६७ साली तेविसाव्या अडथळ्यापाशी घोड्यांची चेंगराचेंगरी झाली आणि बराच मागे असलेला फॉइनेव्हन वाट काढत पुढे जाऊन जिंकला. त्याचा भाव एकास शंभर होता. जाणकारांचं शहाणपण जनावरापुढे कुठे थांबतं, याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

महाराष्ट्रात महालक्ष्मी आणि पुण्याच्या हंगामात शर्यती सपाट धावपट्टीवर होतात. पहाटेच्या सरावात कोणत्या घोड्यानं शेवटचे सहाशे मीटर किती सेकंदांत काटले, हे वेळा टिपणारे लिहून घेतात आणि शर्यतीच्या दिवशी ते वाचकाच्या हाती असतं. घोडा पारखण्यात मराठी संस्थानिकही मागे नव्हते. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. पुढे गायकवाडांनी २८ हजार गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, त्याला आजोबांचं सयाजीराव हे नाव दिलं आणि त्या घोड्यानं १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर मारली. त्याचा थोरला सख्खा भाऊ दांते १९४५ च्या इंग्लिश डर्बीचा विजेता होता. रक्त पाहून लावलेला तो अंदाज खरा ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानंही लक्ष्मणन खटल्यात मान्य केलं, की घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे. घोडा, जॉकी आणि दोघांची मागची कामगिरी यांचा अभ्यास करता येतो, हा त्यामागचा विचार.

पटावर पैसा लावायला कायद्यानं वाव नाही आणि तो नसावा हेच बरं. पण अभ्यासाचं तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

पटाच्या इतिहासातला कठीण काळ २०११ साली सुरू झाला. त्या वर्षीच्या ११ जुलैला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बैलाला खेळांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतीही थांबवल्या. त्याला कारणं होती. टोकाला आर लावलेली काठी, चाबूक, पिरगाळलेल्या शेपट्या हे प्रकार अनेक ठिकाणी चालत आणि त्यांचं समर्थन होऊच शकत नाही. २०१७ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मधली साडेसात वर्षं बैलाच्या आयुष्यात फार मोठी असतात. २०१४ साली भरात असलेली जोडी २०२१ मध्ये म्हातारी झाली होती. तिच्यानंतरची पिढी पटासाठी घडवलीच गेली नाही. ट्रॅक्टरनं नांगरट घेतली, संकरित गाईंनी गोठे व्यापले आणि दूध कमी देणाऱ्या गवळाऊ गाईचा गोऱ्हा सांभाळण्याचं शेवटचं आर्थिक कारण पटाबरोबर गेलं. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीच्या सरकारी केंद्रात जातीची पैदास चालू राहिली. पण ज्या नजरेनं ही जात शेकडो वर्षं निवडत आणली, तिला त्या काळात सरावच उरला नाही. बंदी आली तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा परवानगी मिळाली तेव्हा एकोणीस वर्षांचा झाला होता. आजा ज्या वयात त्याला बैलाच्या दातांवर बोट ठेवायला शिकवणार, ते वय निघून गेलं.

आता पट पुन्हा भरतात. पुण्यापासून सांगली-साताऱ्यापर्यंत बकासुरसारख्या बैलांची नावं मोबाइलवर घराघरांत पोहोचली आहेत आणि अंदाज बांधणारे मागच्या शर्यतींच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात. विदर्भातही निकाल रात्रीतून फिरतात. मात्र चित्रफितीत बैल चाळीस गावांना दिसला तरी त्याचे दात, त्याची गाय आणि त्याचा आदल्या रात्रीचा चारा तिच्यात दिसत नाही.

याच बाबतीत नव्या नियमांनी एक वाट मोकळी केली आहे. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, अंतर हजार मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, काठी-चाबूक चालत नाही आणि शर्यतीचं चित्रीकरण करावं लागतं. म्हणजे प्रत्येक जोडीचा थोडा तरी कागद तयार होतोच. त्यात बैलाचं वय, जात, आई-बाप, जोडीदार, धुरकरी आणि नोंदलेली वेळ एवढ्या रकान्यांची भर तळेगाव, लाखनी आणि इतर गावांच्या मंडळांनी दर हंगामात घातली, तर दहा वर्षांत गवळाऊच्या वेगाची पहिली लेखी वही तयार होईल. पारावरचे जुने जाणकार अजून आहेत. त्यांच्या स्मरणातल्या जोड्यांनी त्या वहीची पहिली पानं भरायला हवीत आणि ते काम येत्या पटाच्या आधीच सुरू करता येण्यासारखं आहे.