मनुष्यबळ व्यवस्थापनाला मानसशास्त्राची जोड

उमेदवारांची निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, तंट्यांचे निवारण ही मनुष्यबळ विभागाची कामे वरवर कार्यालयीन वाटली, तरी त्यांच्या मुळाशी माणसाचे मन असते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ मध्ये प्रयोग सुरू झाले, ते प्रकाशाचा उत्पादनावर होणारा परिणाम तपासण्यासाठी. पुढे मात्र कामगारांचे परस्परसंबंध हाच अभ्यासाचा विषय ठरला. त्या निष्कर्षांवर नंतर टीकाही झाली. पण या दोन विषयांचे नाते दृढ झाले.

काय शिकाल?

मानसशास्त्रात प्रेरणा, व्यक्तिमत्त्व, समूहवर्तन, संख्याशास्त्र व मानसशास्त्रीय चाचण्या यांचा समावेश असतो. भरतीसाठी वापरली जाणारी चाचणी विश्वसनीय आहे का, हे पारखण्याची दृष्टी त्यातून येते. मनुष्यबळ व्यवस्थापनात वेतनरचना, औद्योगिक संबंध व कामगार कायदे येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने या भागासाठी जुन्या पुस्तकांवर विसंबून चालणार नाही.

दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे मानसशास्त्रात पदवी घेऊन पुढे मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे वळणे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

दुसरा मार्ग दोन्ही पदव्या एकाच वेळी घेण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातले असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकांच्या आड येता कामा नयेत. अन्यथा एक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येतो.

येथे फसगत टाळा

नोकरी वा दुसरी पदवी सांभाळून मानसशास्त्र दूरशिक्षणाने करू, असा अनेकांचा बेत असतो. मात्र जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आयोगाने दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राला नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. त्यामुळे मानसशास्त्र वर्गात आणि व्यवस्थापन मान्यताप्राप्त दूरशिक्षणाने, हाच क्रम व्यवहार्य ठरतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. या जोडअभ्यासाने कुणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले स्वतंत्र प्रशिक्षण व परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. कर्मचाऱ्याचा मानसिक ताण ओळखून त्याला योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे आणि त्याची माहिती गुप्त राखणे, हे मनुष्यबळ अधिकाऱ्याचे काम. उपचार करणे नव्हे. ही मर्यादा ओळखून प्रवेश घेणाऱ्यास दोन्ही विषय परस्परपूरक ठरतील.