चेक इंजिनचा दिवा लागलाय? गॅरेज निवडण्याआधी मोबाईलवर हे बघा

डॅशबोर्डवर पिवळ्या रंगात इंजिनचं छोटं चित्र लागलं की पोटात गोळा येतो. त्या एका दिव्यामागे पेट्रोल टाकीचं सैल झाकण असू शकतं किंवा हजारोंचं काम. गॅरेजवाला जे सांगेल ते मुकाट्याने ऐकायचं, एवढंच आपल्या हातात आहे असं वाटतं. पण दिवा का लागला याची नोंद गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, असते. ती नोंद मोबाईलवर वाचता येते.

त्याआधी एक गोष्ट. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय असं समजा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होतो. वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या. ऑईलचा किंवा टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर मात्र सुरक्षित जागा बघून इंजिन लगेच बंद करा. तिथे मोबाईलचं काम नाही, टोइंगवाल्याचं आहे.

कोड कसा वाचायचा

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं आहे. ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत हात घातलात की १६ पिनांचं एक सॉकेट सापडेल. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाईन 'ईएलएम ३२७' या नावाने मिळतो. आयफोन असेल तर ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला घ्या, कारण साधा ब्लूटूथवाला आयफोनशी जोडला जात नाही. अँड्रॉईडवर बहुतेक सगळे चालतात. टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाका, इग्निशन ऑन करा आणि कोड वाचा.

कोड दिसतो तो असा: पी०३०१. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची बाजू. त्यानंतरचा अंक शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ तुमच्या मॉडेलप्रमाणे शोधा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय.

ॲपमध्ये 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंदही दिसेल. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती गरम होतं, हे सगळं त्यात असतं. दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. 'क्लिअर'चं बटण मात्र दाबू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि मेकॅनिकच्या हाताशी काहीच उरत नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे

आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेज बघून थेट कोड बदलायला घेत नाही, आधी तो एरर नेमका कशामुळे येतो ते शोधतो. गाडीतही तेच. पी०३०१ एवढंच सांगतो की पहिल्या सिलिंडरमध्ये नीट जळत नाहीये. कारण स्पार्क प्लग असेल, इग्निशन कॉईल, इंजेक्टर, वायरिंग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन. कोड आणि बदलायचा पार्ट यांच्यामध्ये एक तपासणी असते. ती तपासणी करणारं गॅरेज शोधायचं.

माझ्या पेट्रोल हॅचबॅकला हाच कोड आला होता. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता "चारही इंजेक्टर बदलावे लागतील" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी दोन माणसांचं छोटं गॅरेज होतं. तिथल्या फिटरने पहिल्या सिलिंडरची कॉईल काढून तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसला आणि एक चक्कर मारून आला. आता कोड होता पी०३०३. मिसफायर कॉईलच्या मागोमाग तिसऱ्या सिलिंडरवर गेला, म्हणजे दोष कॉईलमध्ये. एक कॉईल बदलली, विषय संपला. जुनी कॉईल त्याने न मागता माझ्या हातात दिली. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असलेल्या गाडीत ही चाचणी जवळपास फुकट होते.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर "किती होतील?" हा पहिला प्रश्न नको. "हाच पार्ट गेलाय हे कशावरून ठरवलं?" असं विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुशीत येऊन दाखवायला लागतो. "आमचा अनुभव आहे साहेब" एवढंच उत्तर आलं तर किल्ली परत घ्या. भाव पटत नसेल तर एस्टिमेटवर पार्ट नंबर लिहून मागा. तो नंबर घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं की किंमत कळते. पुण्यात असाल तर त्यासाठी नाना पेठ आहेच. जुना पार्ट परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेही उघडू न देता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

गूगलवरचे पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू मी वाचत नाही. एक-दोन ताऱ्यांचे वाचतो, आणि त्यांना गॅरेजवाल्याने काय उत्तर दिलंय तेही. तुमच्याच मॉडेलचे तीन-चार मालक ज्याचं नाव घेतात तो यापेक्षा जास्त भरवशाचा.

दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली?

कोड पुसायला दहा सेकंद लागतात आणि दिवा लगेच विझतो. दोष तसाच असेल तर काही दिवसांनी तो परत पेटतो. इथे ॲपमधलं 'रेडीनेस मॉनिटर' हे पान बघा. ईसीयू स्वतःच्या काही चाचण्या घेत असतो, आणि कोड पुसला की त्या सगळ्या पुन्हा 'अपूर्ण' होतात. गाडी ताब्यात घेताना त्या अपूर्ण असणं साहजिक आहे, कारण खरी दुरुस्ती केल्यावरही कोड पुसावाच लागतो. काही दिवस शहरात आणि थोडी हायवेवर चालवा. चाचण्या पूर्ण झाल्या आणि 'पेंडिंग' यादीतही कोड आला नाही, तर काम झालं. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही दिसतं.

तोच कोड परत आला तर जुना आणि नवा स्क्रीनशॉट, बिल आणि एस्टिमेट घेऊन जा. एवढे कागद समोर असले की बोलणं वेगळं होतं. तरीही दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना हाच अडॅप्टर खिशात ठेवा. विकणारा "काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणतोय आणि बहुतेक मॉनिटर अपूर्ण, तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती, कारण विचारा. आणि वापर झाला की अडॅप्टर सॉकेटमधून काढा. गाडी बंद असतानाही तो थोडी थोडी बॅटरी खातो, शिवाय स्वस्तातल्या अडॅप्टरचा पेअरिंग पिन बहुतेक वेळा १२३४ असतो.