गहू, ग्रहणी आणि काळीज

व्याधीचे नाव पुष्कळदा तिच्या कारणाविषयी मौन पाळते. 'सीलिअॅक' ही संज्ञा उदरवाचक ग्रीक 'कॉइलिया' शब्दापासून आली. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटिअस याने अन्न न पचणाऱ्या रुग्णांसंबंधी ती योजली व १८८८ साली सॅम्युएल गी याने लंडन येथे तीच स्वीकारली. चरकसंहितेतील 'ग्रहणी' हेही आधी अवयवाचे व मग त्याच्या विकाराचे नाव. मात्र त्याची व्याप्ती मोठी असल्याने दोहोंस पर्याय मानणे युक्त नव्हे. गव्हाचा निर्देश कोठेच नाही. तो दोषी ठरला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात पाव दुर्मिळ झाला असता अशी रुग्ण बालके सुधारली. त्यामुळे डिकेच्या जुन्या संशयास बळ आले आणि १९५० च्या प्रबंधात त्याने तो साधार मांडला.

राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, हा भाकरीचा मुलूख. तालुक्याच्या पश्चिमेस भात, पूर्वेस बाजरी. पोळी बहुधा सणावारी. या धान्यांत रोगकारक ग्लुटेन नसल्याने तेथे हा विकार असला तरी प्रकट होण्यास निमित्त थोडे. पुढे शिधावाटपाचा गहू आला, आणि चाकणच्या कारखानदारीने गावाचे वळण पालटले तशी पाव-बिस्किटे नित्याची झाली.

'काळीज' म्हणजे हृदय, अशी रूढी असली तरी हा शब्द यकृतवाचक संस्कृत 'कालेय' शब्दाशी संबद्ध आहे. खाटकाकडे 'कलेजी' मागणारे गिऱ्हाईक मूळ अर्थ अजून राखून आहे. याच यकृतात सीलिअॅकच्या रुग्णांस मेद साचतो. 'मेद' शब्दाने सुखवस्तूपणाचा भास होतो, पण अन्नशोषण बिघडलेल्या कृश रुग्णातही तो आढळतो. गहू सोडल्यावर आतडे सावरते, वजन वाढते, आणि साखर व स्निग्धांश अधिक असलेल्या बांधीव 'ग्लुटेनमुक्त' खाद्यांवर भिस्त ठेवल्यास मेदाचा धोका उलट वाढतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत या रुग्णांस मेदयुक्त यकृताचा धोका इतरांच्या सुमारे पावणेतीन पट दिसला. निदानानंतरच्या पहिल्या वर्षी तो सर्वाधिक होता.

खेडच्या रुग्णास महागड्या पुड्यांची गरज नाही. भाकरी घरचीच आहे. अडचण गिरणीची. गव्हामागोमाग त्याच जात्यावर दळलेले बाजरीचे पीठ त्यास निर्धोक नसते. त्याचे दळण वेगळ्या जात्यावर किंवा घरीच व्हावयास हवे.