ओकोत्लानच्या मातीतल्या बायका

मेरीची मूर्ती म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा चर्चमधला उंच कोनाडा येईल. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातलं ओकोत्लान हे गाव मात्र मेरीला खाली, बाजारातल्या बायकांच्या रांगेत आणून ठेवतं. भाजलेल्या मातीची, भडक रंगांची मेरी, आणि शेजारी डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली.

या मूर्तींची सुरुवात इसाउरा अल्कांतारा हिच्यापासून झाली. ती मुळात रोजच्या वापरातली भांडी करणारी कुंभारीण. हळूहळू ती माणसं घडवू लागली. १९६८ साली, ऐन चाळिशीत ती गेली, पण तोवर मुलींचे हात तयार झाले होते. गिलेर्मिना, होसेफिना, इरेने आणि कोन्सेप्सियोन या आगिलार बहिणींनी हे काम पुढे नेलं.

त्यांच्या कामात ग्वादालुपेची मेरी पुन्हा पुन्हा भेटते. १५३१ साली तेपेयाक टेकडीवर तिनं हुआन दिएगो या स्थानिक माणसाला दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. त्या जागी आधी तोनान्त्सिनची, म्हणजे ‘आमच्या आई’ची पूजा होई. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानं त्याच शतकात तक्रार लिहून ठेवली आहे, की लोक मेरीला तोनान्त्सिनच म्हणतात आणि पूर्वीसारखेच लांबून येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी तक्रार म्हणजे घबाडच! साध्या माणसांची भक्ती कागदावर येते ती बरेचदा तिच्यावर चिडलेल्या माणसाच्या हातून.

आगिलार बहिणींनी ग्वादालुपे घडवली, फ्रिदा काहलो घडवली, आणि ‘रात्रीच्या बायका’ही घडवल्या: तंग कपड्यांतल्या, नटलेल्या, बिनधास्त. पावित्र्याची उतरंड इथे मोडते, असं मला वाटतं. माती तीच, रंग तेच, आणि वेश्येच्या चेहऱ्यावरही लाज नाही. हे बंड ठरवून केलेलं असेलच असं नाही. गिऱ्हाईक काय घेतं, हेही या बायकांना नीट कळत होतं. नेल्सन रॉकफेलरसारख्या संग्राहकानं होसेफिनाची कामं विकत घेतली. पण पोटासाठी केलेल्या कामात विचार नसतो, हे कुणी सांगितलं?

पुढे होसेफिनाची दृष्टी गेली. तरी ती चाचपून मूर्ती घडवत राहिली. रंगवायचं काम घरच्यांनी उचललं. नाक, ओठ, पदराची चुणी मात्र तिच्याच बोटांची.