ॲल्युमिनियम व तांब्याचे वायरिंग

घरगुती वीजजोडणीत या दोन धातूंच्या तारा वापरतात. ॲल्युमिनियमची विद्युत् संवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तेवढ्याच प्रवाहासाठी तार जाड घ्यावी लागते. मात्र ते तांब्याहून तिपटीने हलके व स्वस्त आहे. खांबांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांसाठी तेच योग्य.

खरा धोका तारेत नसून जोडात असतो. ॲल्युमिनियम उघडे पडताच त्यावर वीजरोधक ऑक्साइडाचा थर चढतो. स्क्रूखाली दाबलेली ही मऊ तार हळूहळू पसरते, तापून-निवून सैल होते. सैल जोड आणखी तापतो आणि सॉकेटचे प्लॅस्टिक पिवळे पडून काळवंडते. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्याने लाखो घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग झाले. अशाच जोडांमुळे तेथे आगी लागल्या.

भारतातील जुन्या इमारतींतही ही तार आढळते. तिला तांब्याची नवी वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळणे ही सर्वांत घातक सवय होय. दमट हवेत या संपर्काने ॲल्युमिनियम झिजते. जोडासाठी द्विधातू लग किंवा दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टरच वापरावा.