देवळाली मिनो

सायप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्याचा एक लहान मासा. याचे शास्त्रीय नाव पॅरासायलोऱ्हिंकस प्रॅटेरी असे आहे. नाशिक जिल्ह्यातील दारणा नदीत देवळाली येथे मिळालेल्या नमुन्यांवरून इ. स. १९३८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत २०११ साली त्याचा समावेश ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गात करण्यात आला.

दख्खनच्या माशांचा शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम साइक्स यांच्या १८३९ मधील लेखनापासून सुरू होतो. कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच त्यांनी लॅटिन वळणाने काही जातींना दिली. ‘मुल्या’ (मळ्या) हे त्याचे उदाहरण. मात्र साइक्स यांचा भर बाजारात येणाऱ्या मोठ्या नद्यांतील माशांवर होता. डोंगरी ओढ्यांतील बोटाएवढ्या माशांकडे लक्ष गेले ते पुढे ऐंशी वर्षांनी, नेल्सन ॲनंडेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा. त्यांनी वर्णिलेल्या एका माशासाठी सुंदरलाल होरा यांनी १९२१ मध्ये पॅरासायलोऱ्हिंकस ही नवी प्रजाती स्थापिली.

बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ए. जी. एल. फ्रेझर यांनी देवळालीस जमविलेले मासे होरा यांच्याकडे गेले. त्यांतून १९३५ मध्ये डॅनिओ फ्रेझरी (आता डेव्हॅरिओ फ्रेझरी) आणि १९३८ मध्ये होरा व के. एस. मिश्रा यांच्या लेखात पंटियस फ्रेझरी व प्रस्तुत मासा, अशा तीन जाती विज्ञानास ज्ञात झाल्या. तिसरीचे नाव सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एस. एच. प्रॅटर यांच्या सन्मानार्थ आहे. एका छावणीच्या गावाजवळील नदीच्या लहानशा टप्प्यातून तीन नव्या जाती मिळाव्यात, ही गोष्ट त्या नदीच्या समृद्धीइतकीच तिच्याकडे पूर्वी झालेल्या दुर्लक्षाचीही द्योतक आहे.

या प्रजातीतील माशांची शरीररचना वाहत्या पाण्यास अनुरूप असते. पोटाची बाजू सपाट, तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस आणि अंसपक्ष व श्रोणिपक्ष (हालचालीस व तोल सांभाळण्यास उपयुक्त असलेले पर) आडवे पसरलेले असल्यामुळे मासा खडकाला बिलगून राहू शकतो. मळ्याच्या हनुवटीवर असते तशी पूर्ण चूषक-चकती मात्र यांना नसते. सह्याद्रीतील ओढे हिमालयातील प्रवाहांसारखे थंड नसतात. पण खडकांवरून फेसाळत उतरताना पाण्यात हवेतील ऑक्सिजन भरपूर मिसळतो. प्रवाह थांबला, की गाळ खाली बसून दगडगोटे झाकले जातात आणि अशा माशांचा आसराच नाहीसा होतो.

दारणेचा प्रवाह दीर्घकाळ नियंत्रित आहे. देवळालीच्या वरच्या अंगास १९१६ मध्ये धरण पूर्ण झाले. तेथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यापर्यंत जाते व कालव्यांत वळते. हा बंधारा पिंपळगाव बसवंत ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आहे. कादवा नदीही तेथेच गोदावरीस मिळते. संथ पाण्याच्या या जलाशयाला पक्ष्यांमुळे कीर्ती लाभली व २०१९ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. डोंगरी माशांना मात्र असे पाणी मानवणारे नव्हे. तथापि सारा दोष धरणावर टाकता येत नाही, कारण १९३८ चे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा धरणाला बावीस वर्षे झाली होती. नंतरची वाळूउपसा, सांडपाणी व परदेशी मासे ही कारणेही विचारात घ्यावी लागतात.

जातींची ओळख किती निसरडी असते, हे ऱ्हाईन नदीच्या परिसरातील हाउटिंग (कोरेगोनस ऑक्सिऱ्हिंकस) या थंड पाण्यातील व्हाइटफिशवरून दिसते. २००८ मध्ये ती जात नामशेष ठरविण्यात आली; पण संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून तो मासा आजही हयात असलेल्या कोरेगोनस लॅव्हॅरेटस जातीचाच असल्याचे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखविले. देवळाली मिनोचे निकटचे आप्तही दिसण्यात त्याच्यासारखेच आहेत. म्हणून त्याचा शोध केवळ देवळालीच्या पात्रात न घेता इगतपुरीकडील दारणेच्या वाहत्या उपओढ्यांत घेणे आणि मिळालेले मासे मूळ नमुन्यांशी ताडून पाहणे अधिक फलदायी ठरेल.